पासवर्ड मी काढला, भास्कर

भास्कर, सायकल मी मोडली होती.

काल हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. कुणापाशी म्हटलं, ते शेवटी सांगते. तुझ्यापाशी म्हणायला हवं होतं, पण तू थांबला नाहीस.

दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी माहेरी आले की पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी तू दारातच विचारायचास, "अक्का, सायकल कोनी मोडी?" आणि मी पदराने घाम पुसत म्हणायचे, "माले काय माहीत." मग तू हसून तांब्या द्यायचास. पन्नास वर्षं हे चाललं. आई गेली, अण्णा गेले, भडगावचं घर गेलं, तू धुळ्याला घर बांधलंस, मी जळगावला म्हातारी झाले, पण सायकलचा खटला काही निकालात निघाला नाही.

तर, ती मीच. अकरा वर्षांची होते. अण्णांची सायकल गिरणेच्या पात्रात वाळूवरून पलीकडे नेता येते असं मला वाटलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, मला आपलं वाटलं. पुढचं चाक वाळूत रुतलं, मी उडून पडले आणि चाकाचा झाला आठाचा आकडा. मी ती ढकलत घरी आणली, भिंतीला टेकवली, वर गोणपाट टाकलं आणि वेण्या नीट बांधून अभ्यासाला बसले. अण्णांनी विचारलं तेव्हा मी वर कौलांकडे बघत बसले, जणू सायकल कौलांनी मोडली. मार तू खाल्लास. आठ वर्षांचा होतास. तुला माहीत होतं आणि तू बोलला नाहीस. त्या लाल रिबिनवाल्या शहाणीला आज मी रस्त्यात भेटले तर कान धरून विचारेन, पण विचारून उपयोग नाही. ती पुढे म्हातारी झाली, शहाणी काही झाली नाही.

हे आत्ताच का आठवतंय? तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि मी तेच पुन्हा केलं. खोडी माझी, मार दुसऱ्याला. या वेळी मार खाल्ला तो तुझ्या सुनेने, रेखाने.

पस्तीस वर्षं तू केळीचा ट्रक चालवलास. रावेरकडचा माल भरायचा आणि पिकायच्या आत दिल्लीला उतरवायचा. तुझं सगळं बोलणंच केळीच्या हिशेबात असायचं; लग्नाला उशीर झाला तरी म्हणायचास, "माल पिकी जाई." मग बिजासनच्या घाटात तुझ्या छातीत पहिल्यांदा कळ आली. मागून येणाऱ्या ड्रायव्हरांनी तुला शोधलं तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला होती, हँडब्रेक ओढलेला, दोन्ही इंडिकेटर चालू, मागच्या चाकाला दगड लावलेला, आणि त्या चाकालाच टेकून तू बेशुद्ध. डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत माणूस दगड शोधतो कसा? तू शुद्धीवर आल्यावर आधी केळीचं विचारलंस. दवाखान्यातल्या त्या खाटेवर तू मला म्हणालास, "मी मरसू ते गाडी साईडले लाईसनच मरसू, अक्का. भर रस्तामा नही." मी तुझ्या तोंडात मोसंबीची फोड कोंबली आणि म्हटलं, गप्प बस. तेव्हा ते मला नुसतं ड्रायव्हरचं बोलणं वाटलं होतं.

त्या कळेनंतर गाडी चालवणं सुटलं. आठ वर्षं तू ओट्यावर बसून जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ओळखलेस. मग नातू शिकायला बाहेर गेला आणि त्याचा तो काचेचा, आतून निळे-जांभळे दिवे लागणारा कॉम्प्युटर मागे राहिला. सोबत टेबलाला बसवायचं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि चाकांची खुर्ची. त्यात ट्रकचा गेम. मी पहिल्यांदा तुला तिथे बसलेलं पाहिलं तेव्हा मागे उभी राहून हसू दाबत होते. परदेशातले रस्ते, सगळे उलट्या बाजूने जाणारे, ट्रकमध्ये कुठे लोखंड, कुठे दूध. पण तुझ्या लेखी सगळी केळीच. वळणाच्या आधी तू खरोखर मान वळवून मागे बघायचास. मागे मी होते. मला ओव्हरटेक करायचंय असं वाटलं का रे तुला?

तुझा मुलगा सुनील घाबरला. त्याचं चुकलं नाही. तो सुरतेला नोकरीला, शनिवारी येतो, सोमवारी जातो. दुसरी कळ येऊन गेल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं की तासन्‌तास एका जागी बसणं नको, जिवाला ताण नको. तू तर त्या गेममध्ये माल उशिरा पोचला तर जेवायचा नाहीस. म्हणून सुनीलने पासवर्ड घातला. रविवारी एक तास, तोही त्याच्यासमोर. पासवर्ड त्याला माहीत आणि रेखाला.

आणि तू मला फोन केलास.

मला का केलास ते मला माहीत आहे. जळगावच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी टायपिस्ट होते. खोलीबाहेर चपला काढून, पाय धुऊन आत जायचे. मी त्याला हळदकुंकू वाहिलं, क्रोशाचं कव्हर विणलं. आधी टाइपरायटरवर पत्र टंकायचे आणि मग ते बघून कॉम्प्युटरवर. साहेबांनी विचारलं, "बाई, दोनदा का?" तर मी म्हणाले, "साहेब, आधी कच्चं करते." एकदा पडदा आपोआप काळा झाला तर माझ्या हातून बिघडला असं समजून मी दोन दिवस रजा टाकली. मशीन झोपलं होतं, आणि मी घरी देवापुढे नवस बोलत होते. पण पुढे लागली मला त्याची गोडी. आता गल्लीतले प्रिंटर माझ्याकडे येतात. माझी नात मुक्ता मैत्रिणींना सांगते, आमची आजी हॅकर आहे. असलं कुणी म्हटलं की मी फुगते. हे तुला पक्कं ठाऊक होतं.

या आखाजीला मी आले. सायकलचं विचारून झालं, आमरस-पुरणपोळी झाली, आणि तू मला आतल्या खोलीत नेऊन दार लोटलंस.

"अक्का, हाई मशीन सुरू व्हतं आन्‌ माले इचारस, तू कोन शे. गाडी कधी डायव्हरले इचारस का, तू कोन शे?"

"नाही विचारत."

"किल्ली फिरवी का इंजिन लागाले पाहिजे. मधमा काहीच नको. बाकीनं बठ्ठं काढी टाक."

मी म्हणायला हवं होतं, भास्कर, हे कुलूप तुझ्या पोराने काळजीने लावलंय. तेवढी अक्कल मला होती. पण माझी बोटं शिवशिवायला लागली होती. कुणी म्हटलं की हे होत नाही, की माझ्यातली ती रिबिनवाली उठून उभी राहते.

सुनीलचा पासवर्ड काय असेल? आधी रेखाचं नाव टाकलं, नाही. पोराचं नाव टाकलं, नाही. मग त्याच्या पहिल्या मोटारसायकलचा नंबर टाकला आणि मशीन उघडलं. तू तोंडावर हात ठेवून हसलास. त्यानंतर दोन तास मी काय केलं ते आज नीट लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणावर नाव जायला नको. आधी पासवर्ड विचारणंच बंद केलं. मशीन सुरू झालं की जो नेहमीचा पडदा येतो, चौकोनी चित्रं आणि खालची पट्टी असलेला, तो काढला आणि त्याच्या जागी गेमचा लाँचर बसवला. लाँचर म्हणजे ज्या पडद्यावरून गेम निवडून चालू करतात तो. आता मशीन जागं झालं की थेट तोच, भिंतभर, दुसरं काही नाही. मग मशीनच्या अगदी आतल्या, सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये शिरले आणि ठरवून दिलं की वीज मिळाली की आपोआप सुरू व्हायचं. वरचं बारीक बटण तुला चाचपत बसावं लागायचं ना. आता भिंतीवरच्या बोर्डाचं बटण हीच तुझी किल्ली.

त्यावरून आपलं भांडण झालं, आठवतं? मी म्हटलं, एक दार ठेवते. ही दोन बटणं दाबली की जुना पडदा दिसेल, त्यावरून सुनीलला, मला व्हिडिओ कॉल लावता येईल. तू म्हणालास, गाडीत बसल्यावर बाहेर काय काम आहे. मी म्हटलं, बरं, दार नाही तर नाही, पण तासाभराने मशीन बंद होईल असं लावते. त्यावर तू कुरकुरलास, पण मी लावलं. तेवढ्याने माझ्या मनाचं समाधान झालं. मी स्वतःला जबाबदार समजले.

त्या दोन तासांत रेखा दोनदा चहा घेऊन आली. "आत्या, काय दुरुस्ती चाललीय?" मी म्हटलं, "जरा साफसफाई." दुसऱ्यांदा आली तेव्हा मी नेमकं बोर्डाचं बटण दाबलं होतं. निळे दिवे लागले, पंखे घुमले, आणि कुणालाही काही न विचारता तुझा ट्रक पडद्यावर उभा राहिला. रेखा थोडा वेळ बघत राहिली. मग तिने कप उचलले आणि गेली.

चौथ्या दिवशी तुझा फोन. तासाने मशीन बंद होतं, माल मधेच राहतो. तू रागावला असतास तर मी नाही म्हटलं असतं, भास्कर. तू रागावला नाहीस. हळू आवाजात म्हणालास, "अक्का, येक डाव पोचू दे ना." आणि मी फोनवर एकेक पायरी सांगून तुझ्याच हाताने ते तासाचं बंधन काढवलं. पासवर्ड ही खोडी होती. हे मात्र तसं नव्हतं, हे मला ते करतानाही कळत होतं.

मग दिवस सरत गेले तसे तुझे फोन बदलले. आधी तू गावांची नावं सांगायचास, चुकीच्या उच्चारात, आणि आपण हसायचो. मग नावं गेली, किलोमीटर राहिले. मग तेही नाही. "माल पोचाडना शे," म्हणायचास आणि ठेवायचास. मारुतीच्या पारावर जाणं बंद झालं. उन्हाळ्यात धुळ्याची वीज ये-जा करते. तू बोर्डाचं बटण बंद करायचं विसरायचास, आणि वीज आली की मशीन आपोआप लागायचं. एकदा तू मला म्हणालास, "वीज उनी का ते माले बलावस, अक्का." मी हसले. म्हटलं, सत्तरीला टेकलास, अजून कुणी बोलावतंय हे काय कमी आहे? तू हसला नाहीस. ते न हसणं माझ्या कानात अडकलं होतं. मी रेखाला फोन करायचं ठरवलं, आणि केला नाही. कारण केला असता तर सांगावं लागलं असतं.

रविवारी सुनील विचारायचा, "नाना, लावून देऊ का गेम?" तू डोळे चोळून म्हणायचास, आज नको, डोळे दुखतात. तो आनंदाने मला फोन करायचा, "आत्या, नानांची सवय सुटली बरं का." मी म्हणायचे, "छान झालं." काय म्हणू तुला, आपण दोघं भामटे.

त्या मंगळवारी दुपारी रेखा बाहेरच्या खोलीत ब्लाउज शिवत होती. तू जेवलास, थोडा अंगणात गेलास, परत आलास, आतल्या खोलीत बसलास. तिला वाटत होतं की पासवर्डचं सुनीलच्या कानावर असेल, तूच तसं तिला सांगितलं होतंस. शिलाई मशीन थांबलं की तिला आतून इंडिकेटरचा आवाज यायचा. टिक, टिक, टिक. तिने एक बाही लावली. टिक, टिक. दुसरी लावली. तिला वाटलं, नाना कसलं एवढं लांब वळण घेतायत? मग ती उठली.

तुझे हात मांडीवर होते. पडद्यावर ट्रक रस्त्याच्या कडेला उभा, दोन्ही इंडिकेटर चालू.

मी आले तेव्हा तुला अंगणात आणलं होतं. डॉक्टरांनी सुनीलला सांगितलं की हे कधीही झालं असतं, झोपेतसुद्धा. सगळ्यांनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. मीही धरलं. पण रेखाने मला स्वयंपाकघरात त्या इंडिकेटरांचं सांगितलं (सुनीलला ती एवढंच बोलली होती की नाना खुर्चीत बसल्या बसल्या गेले) आणि माझ्या हातातून ते वाक्य सुटलं. तुला कळ आली. तरी तू ब्रेक लावलास, गाडी कडेला घेतलीस, दोन्ही इंडिकेटर लावलेस. नसलेली गाडी, नसलेला रस्ता, मागून कुणी येणारही नाही. किती वेळ लागला असेल त्याला? अर्धं मिनिट? भिंतीपलीकडे रेखा होती. अर्ध्या मिनिटात हाक मारून होते. मी तो जुना पडदा ठेवला असता, ते दार ठेवलं असतं, तर? मी पासवर्डच ठेवला असता तर तू त्या वेळी ओट्यावर असतास, माणसांत असतास. रेखा वेगळंच म्हणते. म्हणते, माझं शिलाई मशीन चालू होतं, नानांनी हाक मारली असेल आणि मला आली नसेल. आम्ही दोघी दोन बाजूंनी तेच अर्धं मिनिट कुरतडत बसलो होतो.

पाचव्या दिवशी दुपारी घर माणसांनी भरलं होतं. वीज नव्हती. आतल्या खोलीत कुणीतरी पंख्यासाठी बोर्डाची सगळी बटणं दाबून ठेवली होती. वीज आली, पंखे फिरले, आणि आतून ते संगीत सुरू झालं, गेम सुरू होताना वाजतं ते, पूर्ण आवाजात. बोलणी तुटली. आपली चुलती तांदूळ निवडत होती, तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती म्हणाली, "भास्कर उना." तिला तू आल्यासारखंच वाटलं. कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. सुनील उठून आत गेला, त्याच्यामागे मी. पडद्यावर तुझा ट्रक, आणि खाली हिरवं बटण: पुढे चालू.

सुनील त्या बटणाकडे बघत राहिला. मग वळला. मला ओलांडून त्याची नजर दारात उभ्या रेखाकडे गेली.

"पासवर्ड कुठे गेला?"

"मला नाही माहीत."

"दोघांनाच माहीत होता. मी नाही सांगितला."

"मी पण नाही."

"मग नानांनी काढला? ज्यांना मोबाइलचा आवाज कमी करता यायचा नाही त्यांनी?"

बाहेर सगळे ऐकत होते. रेखाने एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि मी, भास्कर, बहात्तर वर्षांची बाई, वर पंख्याकडे बघत उभी राहिले.

त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. पाणी हवं असलं तर "आत्या, पाणी." मी तिच्या हातून पेला घ्यायचे आणि त्याला द्यायचे. मध्ये उभी राहून रोज. दहाव्याला पांझरेच्या काठी सगळे घाबरून बसले होते की इतका हट्टी माणूस, कावळा काही लवकर शिवायचा नाही. कुणी नातवाच्या लग्नाचं बोलायचं, कुणी मारुतीच्या पाराचं, असं ठरवून आले होते. पिंड ठेवलं आणि माणसं मागे सरायच्या आत कावळा शिवला. सगळ्यांनी हात जोडले. "सुटला बाबा," म्हणाले. तुझं काही मागणं राहिलं नव्हतं. म्हणजे जे काही राहिलं होतं ते माझ्याकडे होतं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर शिंदखेड्याहून आलेले रेखाचे वडील म्हणाले, "पोरीला थोडे दिवस घेऊन जातो." सुनील पत्रावळी गोळा करत राहिला. रेखा आतून पिशवी घेऊन आली. मोठी पिशवी होती, चार दिवसांची नव्हती. ती वाकून माझ्या पाया पडली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवताना मला अण्णांचा पट्टा दिसला, आणि तू.

"सुनील," मी म्हटलं, "रेखाने पासवर्ड सांगितला नाही."

"आत्या, तू यात पडू नको."

"आखाजीपासून पडलेली आहे. मी काढला तो."

"तुला कसा माहीत असणार?"

मी त्याला मोटारसायकलचा नंबर म्हणून दाखवला. त्याचं तोंड उतरलं. मग बाकीचंही सांगितलं. लाँचर, विजेचं, आणि ते तासाचं बंधन, जे तुला फोनवरून काढायला लावलं. सुनील पायरीवर बसला. तिथूनच म्हणाला, "नाना मला म्हणायचे, आज डोळे दुखतात." आणि मग तो असं काही हसला की व्याही उठून अंगणात गेले. मला त्याने माफ केलं नाही, भास्कर. करावं असंही मी म्हटलं नाही. एवढंच म्हणाला, "होतं तसं कर. आत्ता."

मी रेखाकडे वळले. "तुझं नाव गेलं ना माझ्यामुळे."

"मला माहीत होतं, आत्या. मी चहा आणला होता ना."

"मग बोलली का नाहीस?"

"मी तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, माले काय माहीत."

वर्षानुवर्षं दर आखाजीला ती आपल्या दोघांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. आपल्याला वाटायचं तो खेळ आपल्या दोघांचा आहे.

मी आत गेले आणि तुझ्या खुर्चीत बसले. ती चाकांची खुर्ची सरकेल म्हणून टेबल धरून ठेवलं, तर ती जागची हलली नाही. वाकून बघितलं. मागच्या चाकाला दगड लावलेला होता. अंगणातला, मुठीएवढा.

रेखाला बोलावलं. ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मी खोली झाडून पुसली होती. दगड नव्हता." मग तिच्याच लक्षात आलं. जेवून तू अंगणात गेला होतास आणि मूठ मिटून परत आला होतास. तिला वाटलं, चोरून तंबाखू आणली.

म्हणजे तू आधीच ओळखलं होतंस का, भास्कर? अर्धं मिनिट नव्हतं, भरपूर वेळ होता? दगड घेऊन तू रेखाच्या समोरून गेलास. दार तर तुझ्यासमोर उघडं होतं. की फरशी नुकती पुसलेली होती, खुर्ची सरकत होती आणि तू नुसता एक दगड आणलास, दुसरं काही नाही? यातलं काय खरं ते मला कळणार नाही. पहिलं खरं असेल तर माझ्यावरचं ओझं हलकं होतं, आणि म्हणूनच मला ते खरं मानायची भीती वाटते. सोयीचं खरं मानायची मला जुनी सवय आहे.

मी सगळं पूर्ववत केलं. जुना पडदा आणला, लाँचर त्याच्या कोपऱ्यात पाठवला, पासवर्ड परत घातला. नवा, सुनीलने स्वतः टाकला, मी पाठ करून उभी राहिले. ते हिरवं बटण दाबलं नाही. तुझा माल जिथे आहे तिथे असू दे. दगडही तिथेच ठेवला. रेखाचे वडील चहा घेऊन एकटेच परत गेले. पिशवी मात्र अजून दारामागेच आहे म्हणे, न सोडलेली. सुनील रेखाशी बोलतो, कामापुरतं.

एक गोष्ट मी पूर्ववत केली नाही.

काल दुपारी रेखाचा फोन आला. "आत्या, वीज आली आणि मशीन आपोआप लागलं. नानांचं नाव आलंय पडद्यावर, आणि पासवर्ड मागतंय. तुम्ही ते विजेचं काढायचं विसरलात."

"विसरले," मी म्हटलं.

माझं खोटं तिला आता ओळखता येतं.

"मग बंद करू?"

"थोडा वेळ राहू दे. विचारू दे त्या मशीनला, तू कोण म्हणून. कुणी बोललं नाही की पडदा काळा होईल आपोआप. घाबरू नकोस, झोपतं ते."

फोनमधून मागे त्याच्या पंख्यांची घरघर येत होती. रेखाने फोन ठेवला नाही. मीही नाही. दोघी ती घरघर ऐकत राहिलो. मग तिने विचारलं, तुझ्याच चालीत, दारातच उभं राहून विचारावं तसं:

"आत्या, सायकल कोणी मोडली?"

पलीकडे मशीन अजून वाट बघत होतं.

"मी," मी म्हटलं.